नायकाची पातळी, तलावाची पातळी



माझ्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी एके दिवशी प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर मागे रेंगाळले. "सर, एक शंका आहे, पण ती अभ्यासातली नाही," असे म्हणून एकाने चाचरत विषय काढला. दोघे मिळून संगणकावर लढाईचा एक जुना खेळ खेळत. त्यांचा नायक पहिल्या तास-दोन तासांत भराभर दहाव्या पातळीपर्यंत चढे. पुढे विसावी गाठता गाठता मात्र जीव मेटाकुटीस येई. "खेळ तयार करणाऱ्याने हे मुद्दाम केले असेल काय? आणि केले असेल तर कशासाठी?"

शंका खेळातली होती, पण उत्तर गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे आहे. शिवाय ते शोधता शोधता मी शेवटी जेथे पोचलो ती जागा संगणकाची नव्हतीच. ती होती शाळकरी मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची. तेथवर आपण क्रमाक्रमाने जाऊ.

आधी खेळाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक', भाग तिसरा. अमेरिकेतील न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या कंपनीने तो १९९९ साली काढला. (त्याच वर्षी १ मे रोजी आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणून मला हे साल विसरता येत नाही.) नकाशावर किल्ले, खाणी, जंगले आणि राक्षस असतात. आपण एक नायक घेऊन हिंडायचे, सैन्य जमवायचे, लढाया जिंकायच्या. खेळातल्या प्रत्येक सैनिकाच्या नावे ठरावीक 'प्राण' लिहिलेले असतात: साध्या सांगाड्याला ६, भालाईताला १०, काळ्या ड्रॅगनला ३००. शत्रूचे जितके प्राण घेतले, तितके 'अनुभव-गुण' नायकाला मिळतात. गुण पुरेसे साठले की नायक एक पातळी वर चढतो आणि त्याचा हल्ला, बचाव, जादूची शक्ती किंवा ज्ञान यांपैकी काहीतरी एकाने वाढते.

आता प्रश्न असा, की 'पुरेसे' म्हणजे किती? दुसऱ्या पातळीला १,००० गुण लागतात. तिसरीला एकूण २,०००, चौथीला ३,२००, पाचवीला ४,६००. दहावीला एकूण १४,७०० आणि बारावीला २०,६००. येथपर्यंत एकेका पायरीची उंची हळूहळू वाढत १,००० वरून ३,१०० वर आलेली असते. बाराव्या पातळीनंतर मात्र नियमच बदलतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या १.२ पट! म्हणजे ३,१०० नंतर ३,७२०, मग ४,४६४, आणि असेच पुढे. ही झाली भूमिती श्रेढी. १.२ चा चौथा घात २.०७ येतो, म्हणजे दर चार पातळ्यांना पायरीची उंची दुपटीहून थोडी अधिक होते. एकोणिसाव्या पातळीवरून विसाव्या पातळीवर जायला एकट्या त्या पायरीसाठी १३,३२४ गुण लागतात. सांगाडेच मारून ते मिळवायचे तर २,२२१ सांगाडे मारावे लागतील! पहिल्या पायरीला १६७ पुरले होते.

या खेळात 'लर्निंग', म्हणजे शिकण्याचे, एक कौशल्य आहे. ते पूर्णपणे आत्मसात केलेल्या नायकाला प्रत्येक वेळी १५ टक्के अधिक अनुभव मिळतो. ऐकायला फार चांगले वाटते. पण जरा हिशेब करा. विसाव्या पातळीला एकूण ८१,९६१ गुण लागतात. त्यात १५ टक्के मिळवले तर होतात सुमारे ९४,२५५. आणि एकविसाव्या पातळीला हवेत सुमारे ९७,९५०! म्हणजे खेळाच्या आरंभापासून शिकत आलेला नायक न शिकलेल्या नायकाच्या पुढे एक पातळीसुद्धा जात नाही. जाणकार खेळाडू हे कौशल्य अगदी कुचकामाचे मानतात. मास्तर म्हणून मला याचे वाईट वाटते, पण श्रेढीपुढे इलाज नाही.

ही रचना डोळ्यांसमोर आणायची तर आमच्या झाडीपट्टीतील मालगुजारी तलावांकडे या. पूर्व विदर्भात, म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, असे जुने तलाव गावोगाव आहेत. त्यांपैकी बरेच कोहळी समाजातील लोकांनी दोन-तीन शतकांपूर्वी धानाच्या शेतीसाठी बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलाही असेल. या तलावांचा तळ विहिरीसारखा उभा नसतो, परातीसारखा पसरट असतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की खळग्यातले पाणी हातभर चढते. श्रावणात तेवढाच पाऊस पडला तर चार बोटेसुद्धा चढत नाही. पाणी तितकेच आले. पण आता ते फार मोठ्या पृष्ठभागावर पसरायचे असते. पातळी जितकी वर, तितके तिच्या पुढच्या बोटाला अधिक पाणी हवे. नायकाची पातळी नेमकी अशीच चढते. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय झाली.

पण हे असे करायचे कशासाठी? नायकाला सरळ चढू दिले तर काय बिघडेल?

याचे उत्तर त्याच खेळातील दुसऱ्या एका कौशल्यात सापडते. 'नेक्रोमन्सी' नावाची एक विद्या काही नायकांना येते. लढाई संपली की रणात पडलेल्या शत्रूंपैकी काही जण सांगाडे होऊन उठतात आणि विजेत्याच्या सैन्यात सामील होतात. विद्या पहिल्या इयत्तेत असेल तर १० टक्के, दुसऱ्या इयत्तेत २० टक्के आणि तिसऱ्या इयत्तेत ३० टक्के. समजा, माझ्याकडे १०० सांगाडे आहेत आणि मी दरवेळी माझ्या संख्येइतक्या शत्रूंना विशेष हानी न होता हरवतो. मग पहिल्या लढाईनंतर १३०, दुसरीनंतर १६९, आणि नवव्या लढाईनंतर हजाराच्या वर! सैन्य मोठे म्हणून विजय सोपा, आणि विजय सोपा म्हणून सैन्य आणखी मोठे. परिणामच पुन्हा कारण होऊन बसतो. यालाच विज्ञानात धन प्रत्याभरण म्हणतात. ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन नेला की जी कर्कश शीळ उठते, ती याच जातीची. अणुभट्टीत एका विखंडनातून निघालेल्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी नेमका एकच पुढचे विखंडन घडवील अशी काळजी घेतात, तीही याच भीतीने. एकाऐवजी सव्वा झाले तर काय होईल हे वरच्या सांगाड्यांवरून ओळखा.

ज्याच्या हाती अशी विद्या आहे त्याला सुरुवातीला मोठी मौज वाटते. मग एक दिवस लक्षात येते की लढाया आता लढायच्याच राहिलेल्या नाहीत, त्या फक्त उरकायच्या आहेत. आणि समोरच्याला तर दुसऱ्याच आठवड्यात कळून चुकते की पुढे बसण्यात अर्थ नाही. माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांचेही तसेच झाले होते. त्यांच्यापैकी एकाने तेव्हापासून खेळणेच सोडले होते. याच मालिकेतील पाचव्या खेळाच्या पुरवणी भागांत या विद्येला आवर घातला गेला. मेलेल्यांना उठवण्यासाठी लागणारी 'काळी शक्ती' ठरावीक मापाने मिळू लागली. ती संपली की पुढचा आठवडा उजाडेपर्यंत थांबा.

खेळ रचणाऱ्याची खरी कसोटी लागते ती मोहिमेत. मोहीम म्हणजे एकामागून एक खेळायच्या नकाशांची मालिका. पहिल्या मोहिमेत राणी कॅथरीन वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकून मायदेशी परतते आणि परचक्रात सापडलेले राज्य सोडवू लागते. एका नकाशावर तयार झालेला नायक पुढच्या नकाशावर आपली पातळी बरोबर घेऊन जातो. आता रचणाऱ्याची अडचण पाहा. एका मुलाने पहिला नकाशा घाईने जिंकला, त्याचा नायक चौथ्या पातळीवर आहे. दुसऱ्याने शत्रूचा शेवटचा किल्ला मुद्दाम न घेता नकाशाचा कानाकोपरा धुंडाळला, दिसेल तो राक्षस मारला. त्याचा नायक पंधराव्या पातळीवर गेला. दोघांना पुढचा नकाशा मात्र एकच! तो पहिल्याच्या बेताचा ठेवावा तर दुसऱ्याला पोरखेळ, आणि दुसऱ्याच्या बेताचा ठेवावा तर पहिला दारातच गारद.

म्हणून मोहिमेतल्या नकाशांना नायकाच्या पातळीची कमाल मर्यादा घालून दिलेली असते. ती गाठली की पुढे कितीही लढा, नायक चढत नाही. हा झाला तलावाचा सांडवा! पाणी त्या उंचीला पोचले की जादा ओघ बाहेर पडतो. पाळ शाबूत राहते आणि पुढच्या पावसाचा हिशेबही मांडता येतो. या खेळात असे सांडवे आणखीही आहेत. नायकाचा हल्ला शत्रूच्या बचावापेक्षा जितका अधिक, तितके दर गुणामागे ५ टक्के नुकसान वाढते. पण ६० गुणांच्या फरकाला ते चौपट झाले की तेथेच थांबते. उलट बचाव जास्त असेल तर दर गुणामागे अडीच टक्के नुकसान घटते, पण ७० टक्क्यांपलीकडे नाही. कितीही मोठा वीर असो, त्याला थोडे तरी लागलेच पाहिजे.

आता घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. त्याला संगणक लागत नाही. मूठभर चिंचोके गोळा करा आणि त्यांतील निम्म्यांना चुना लावून पांढरे करा. एका फडक्याच्या पिशवीत एक काळा आणि एक पांढरा चिंचोका टाका. न पाहता एक काढा. तो ज्या रंगाचा असेल, त्याच रंगाचा आणखी एक घेऊन दोन्ही पिशवीत टाका. पुन्हा काढा, पुन्हा तसेच करा. ज्याच्याजवळ आहे त्याला अधिक मिळणार, असा हा नियम. पिशवीत शंभर चिंचोके होईपर्यंत हे करीत राहा आणि मग मोजा. वर्गातल्या दहा गटांनी हे केले तर दहा ठिकाणी दहा तऱ्हा दिसतील. एकाकडे ८८ काळे, दुसऱ्याकडे ३१, तिसऱ्याकडे ५४ असे काहीही. गणित सांगते की १ पासून ९९ पर्यंत काळ्यांची कोणतीही संख्या येण्याचा संभव सारखाच आहे! काळे ४० ते ६० यांच्या दरम्यान असण्याची शक्यता केवळ ९९ पैकी २१, म्हणजे सुमारे २१ टक्के. याउलट साधे नाणे शंभर वेळा उडवले तर छापा ४० ते ६० वेळा येण्याची शक्यता ९६ टक्क्यांहून अधिक असते. विश्वास बसत नसेल तर निदान पहिल्या दोन खेपांचा हिशेब कागदावर करा: तीन काळे-एक पांढरा, दोन-दोन, एक काळा-तीन पांढरे, या तिन्हींची संभाव्यता एक तृतीयांश येईल.

या प्रयोगाची चिकित्सा गणिती जॉर्ज पोल्या यांनी एका सहकाऱ्यासह १९२३ साली केली, म्हणून याला पोल्याचा घडा म्हणतात. यातली मेख अशी, की पहिल्या पाच-सात खेपांत जे घडते तेच पुढे कायम होते. पन्नासाव्या खेपेला नशीब पालटून उपयोग नसतो, कारण तोवर पिशवी एका बाजूला झुकलेली असते. आणि आरंभीच्या त्या खेपांत काळा चिंचोका काही पांढऱ्याहून हुशार नव्हता!

आता नियम उलटा करून पाहा: काळा निघाला तर पांढरा टाका, पांढरा निघाला तर काळा. आता पिशवी निम्म्या-निम्म्याला चिकटून राहू पाहते. हे झाले ऋण प्रत्याभरण. नुसते असेच ठेवले तर खेळ कंटाळवाणा होईल, कारण जिंकूनही काही हाती लागणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये खेळ बसवणे ही रचणाऱ्याची कला.

जुन्या खेळांनी हे कसे साधले, ते पाहणे मला फार आवडते. महाराष्ट्रात पूर्वी घरोघरी मोक्षपट खेळत. आजची सापशिडी त्याच घराण्यातली. इंग्लंडात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेली. हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा आहे, पण तिला समकालीन लेखी पुरावा नाही. आज पाहायला मिळणारे जुने पट अठराव्या शतकाच्या सुमाराचे आहेत. पटावरची घरे गुणांची आणि दुर्गुणांची असतात. जन्मापासून मोक्षापर्यंतची ही एक मोहीमच म्हणा ना! यात सोंगटी कितीही वर गेली तरी तिच्या धन्याच्या कवड्या काही जास्त पडू लागत नाहीत. वाढीला वाढीचे खतपाणी मिळत नाही. शिवाय मोक्षाच्या अगदी जवळही साप दबा धरून असतात. म्हणूनच सहा वर्षांची नात आजीला हरवते आणि डाव मोडेपर्यंत कोणी उठत नाही. उणीव एकच, की यात बुद्धीला काही काम नाही.

बुद्धिबळात ते आहे, आणि नायकही आहे: प्यादे! आपल्याकडील देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर चाले, आणि पलीकडच्या टोकाला ज्या मोहऱ्याच्या घरी पोचले तेच मोहरे होई. हत्तीच्या घरी गेले तर हत्ती, घोड्याच्या घरी घोडा. वजीर व्हायचे तर वजिराच्या किंवा राजाच्याच घरी पोचायला हवे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात कोठेही पोचले तरी वजीर होता येते, आणि पहिली उडी दोन घरांची असल्यामुळे सहाऐवजी पाच खेळ्यांत काम भागते. प्याद्याची किंमत १ धरली तर वजिराची ९ धरतात. एवढी मोठी उडी असूनही खेळ बिघडत नाही, कारण त्या वाटेवर प्यादे जसजसे पुढे जाते तसतसे ते आपल्या सैन्यापासून दूर आणि शत्रूच्या तोंडाशी येते. वाढ आणि धोका एकाच चालीत बांधलेले आहेत. संगणकाच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा मला ही रचना अधिक सुंदर वाटते.

पटावरच्या प्याद्याची अशी सोय आहे. पटापाशी बसलेल्या मुलाची काय?

काही वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेत मी पंच म्हणून गेलो होतो. स्पर्धा बाद पद्धतीची होती. सालेकशाकडून सकाळच्या गाडीने आलेली सातवीतली एक मुलगी पहिल्याच डावात पंचवीस मिनिटांत हरली. परतीची गाडी संध्याकाळी होती. दिवसभर ती बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली आणि बाजूलाच पंधरा पट मांडलेले होते. मी पंच होतो. मलाही काही सुचले नाही, हे कबूल करतो.

बाद पद्धतीचा हिशेब मांडू. ३२ मुले असतील तर १६ जणांना एकच डाव मिळतो, ८ जणांना दोन, चौघांना तीन, दोघांना चार आणि अंतिम फेरीतल्या दोघांना पाच. एकूण डाव ३१. म्हणजे ज्याला खेळण्याच्या अनुभवाची सर्वांत अधिक गरज, त्याला सर्वांत कमी. आणि ज्याला आधीच येते, त्याला पाचपट. हा पोल्याचा घडाच झाला! 'अनुभव-गुण' फक्त जिंकणाऱ्याला, असा खेळ आपण मुलांपुढे मांडतो आणि वर म्हणतो की मुले पटाकडे फिरकत नाहीत. कोणी म्हणेल, मोठ्या स्पर्धाही बाद पद्धतीच्या असतात. असतात खऱ्या. आमच्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळवले, ती स्पर्धा बाद पद्धतीचीच होती. परंतु तेथे प्रत्येक फेरीत दोन पूर्ण डाव असत, आणि बरोबरी झाली तर आणखी जलद डाव. एका डावावर कोणी घरी जात नसे.

याला उपाय जुना आहे. १८९५ साली झुरिच येथील एका स्पर्धेत वापरलेली, आणि म्हणून 'स्विस' म्हणून ओळखली जाणारी जोड्या लावण्याची पद्धत. तीत कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घालायची आणि तीच जोडी पुन्हा लावायची नाही, एवढेच मुख्य नियम. जिंकणाऱ्यापुढे जिंकलेला येतो, हरलेल्यापुढे हरलेला. जो पुढे जातो त्याला तगडा प्रतिस्पर्धी मिळून त्याची जिंकण्याची शक्यता निम्म्याकडे झुकते. मागे पडलेल्याचीही खालून तिकडेच येते. यात सांडवा आपोआप बांधलेला आहे. ३२ मुलांच्या पाच फेऱ्या म्हणजे ८० डाव, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिनिटे दिली तर फेरी चाळीस मिनिटांत आटोपते; मधल्या सुटीसह चार-साडेचार तासांत स्पर्धा पूर्ण. विजेताही निघतो. पट मात्र सोळा लागतात आणि ते सगळे शेवटपर्यंत मांडलेले ठेवावे लागतात. शिक्षकांनी घाबरण्याचे कारण नाही. जोड्या लावण्याचे काम वहीच्या एका पानावर होते.

पुढच्या वर्षी आम्ही २८ मुलांची स्पर्धा अशीच घेतली. जोड्या लावायला ते माझे दोन विद्यार्थी बसले. दुसऱ्या फेरीत त्यांची एक चूक झाली आणि ती एका आठवीतल्या मुलाने दाखवून दिली. सालेकशाची मुलगी या खेपेसही पहिला डाव हरली. दुसरा हरली. तिसरा बरोबरीत सुटला, चौथा आणि पाचवा तिने जिंकला. पाचव्या डावात तिचे एक प्यादे सातव्या ओळीत पोचले होते आणि ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसली होती. घड्याळात तिची चार मिनिटे उरली होती, आणि गाडीला अजून तास होता.